जखम भरली, पैसे गेले, रोग तसाच

मावसभावाला विचारूनच लिहितोय, नाव मात्र देणार नाही. तो टेम्पो चालवतो, लांबच्या फेऱ्या असतात. लिंगावर एक फोड फुटून जखम झाली. दुखत नव्हती, म्हणून आधी दुर्लक्ष. मग एसटी स्टँडच्या मुतारीत पत्रक दिसलं : 'गुप्तरोगावर हमखास इलाज, गुण न आल्यास पैसे परत'. खाली फक्त मोबाईल नंबर.

दवाखाना म्हणजे लॉजची खोली. भिंतीवर फ्रेम केलेली सर्टिफिकेटं, पण नोंदणी क्रमांक कुठेच नाही. नाडी धरून 'डॉक्टर' म्हणाला, रोग हाडात उतरलाय, पुढे मूलबाळ होणार नाही. रक्त तपासायचं नावही काढलं नाही. भस्माचा भाव सांगितला ३५० रुपये. भावाला वाटलं, पुडीचा. सगळं खलात कुटून एकत्र केल्यावर कळलं, तो ग्रॅमचा होता! मिसळलेलं औषध परत घेत नाहीत म्हणे. दारात दोघे उभे. २१ हजार गेले, त्यातले निम्मे एटीएममधून काढले, तेही त्यांचा माणूस सोबत घेऊन.

आणि काही आठवड्यांत जखम खरंच भरली. गडी इतका खूश की दोन ड्रायव्हर मित्रांनाही तोच पत्ता दिला.

सगळी मेख इथे आहे. त्याला झाली होती गरमी, म्हणजे सिफिलिस. तिची पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि औषध घ्या वा न घ्या, ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरते. जंतू मात्र अंगातच राहतात. पुढे तळहातांवर, तळपायांवर पुरळ उठतं, त्याला सहसा खाजही नसते, आणि तेही जातं. वर्षांनंतर मेंदू, डोळे, हृदय यांना धक्का बसू शकतो. गरोदर बायकोकडून बाळालाही लागण होते. हे वेळापत्रक त्या भोंदूला चांगलं ठाऊक असतं. भस्म द्यायचं आणि वाट बघायची, बस्स. परमा म्हणजे गोनोरिया, हा दुसरा गुप्तरोग. त्यात लघवीला आग होते, पू येतो, माणूस घाईला येतो. तिथे अर्धवट अँटिबायोटिक देऊन बोळवण करतात.

पुरळ उठल्यावर भावाने फोन केला. उत्तर आलं, 'उष्णता बाहेर पडतेय, चांगलं लक्षण आहे, दुसरा कोर्स घ्या.' तेव्हा कुठे तो माझ्याशी बोलला.

जिल्हा रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' असतं. समुपदेशकाने दार लावून विचारपूस केली, ओरडा नाही की उपदेश नाही. रक्ताची व्हीडीआरएल, म्हणजे गरमीची तपासणी झाली, संमती घेऊन एचआयव्हीचीही. पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का विचारून बेन्झाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन दिलं, दोन्ही कुल्ल्यांवर विभागून. औषध फुकट. पुन्हा रक्त तपासायला बोलावलंय, आणि वहिनींनाही. ते घरी सांगणं त्याला २१ हजारांपेक्षा जड गेलं.

अशा रोगांच्या इलाजाची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण भाऊ पोलिसांत जायला तयार नाही, आणि त्या लॉजवाल्यांचा धंदा चालतो तो याच लाजेवर. दवाखान्यात जायचा धीर होत नसेल तर १०९७ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, जवळचं केंद्र सांगतात.

त्या दोन मित्रांपैकी एकाची तपासणी झाली. दुसरा गुजरातेत गाडीवर आहे, परतला की त्यालाही नेणार.