तारणाची खात्री: फतेगंजातला मराठी बायबल वर्ग

बडोद्यात रविवारच्या उपासनेनंतर भरणारा हा वर्ग जरूर करावा. विषय तारणाचा, म्हणजे पापापासून सुटका झाल्याच्या खात्रीचा. सुरुवात योहानाच्या पहिल्या पत्रातल्या 5:13 पासून: सार्वकालिक जीवन आहे हे विश्वासणाऱ्यांना कळावं, म्हणूनच ते लिहिलंय. मग पूर्ण खात्री बायबलमधल्या तीन ठिकाणी उलगडतात: समजुतीची कलस्सै 2:2, आशेची इब्री 6:11, विश्वासाची इब्री 10:22. गडबड कुठे होते तेही नीट दाखवतात. प्रार्थनेत डोळे भरले की खात्री, कोरडे राहिले की शंका. कारण नजर वधस्तंभावरून सुटून स्वतःच्या मनःस्थितीवर जाते. योहान 10:28, म्हणजे येशूच्या हातातून त्याच्या मेंढरांना कोणी हिसकावून घेणार नाही हे वचन, शिकवताना खडू मुठीत घट्ट धरून दाखवतात. फार सुरेख! बंधुप्रीती आणि आज्ञापालन या खात्री पारखण्याच्या कसोट्या मात्र घाईत उरकल्या. त्यांना आणखी एक बैठक हवीच. जाताना वही न्या, संदर्भ भराभर येतात.