बँक बुडवणारे एक खाते : 'रोग ट्रेडर'

१७६२ साली स्थापन झालेली लंडनची बेअरिंग्ज बँक फेब्रुवारी १९९५ मध्ये निक लीसन या सिंगापुरातील कर्मचाऱ्याच्या सौद्यांमुळे बुडाली. १९९९ चा 'रोग ट्रेडर' (Rogue Trader, म्हणजे मनमानी सौदे करणारा) हा चित्रपट त्याच घोटाळ्यावर आहे. कोल्हापुरातील सहकारी बँका आणि पतसंस्थांमध्ये काम करणाऱ्यांनी तो अवश्य पाहावा, कारण ज्याने व्हाउचर लिहिले त्यानेच ते पास करू नये, हा आपल्याकडे पहिल्याच दिवशी शिकवला जाणारा नियम तिथे सर्रास मोडला गेला होता; सौदे करणारा लीसन आणि त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या विभागाचा प्रमुखही लीसनच. चुकीच्या सौद्यांसाठी उघडलेल्या ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात तो तोटा दडवत जातो आणि जपानमधील कोबेच्या भूकंपानंतर तिथला शेअर निर्देशांक निक्केई कोसळू लागल्यावरही माघार न घेता खरेदी वाढवतो. तोटा अखेर सुमारे ८२.७ कोटी पौंडांवर गेला. लीसनच्या भूमिकेतील इवान मॅकग्रेगरने ही घालमेल फार ताकदीने दाखवली आहे. मात्र चित्रपट लीसनच्याच आत्मकथनावर बेतलेला असल्याने दिग्दर्शक जेम्स डिअरडन त्याला नको तितके झुकते माप देतात, हे मला मुळीच पटले नाही. ज्यांच्या ठेवी आणि नोकऱ्या धोक्यात आल्या, त्यांना पडद्यावर पुरेशी जागा मिळायला हवी होती.