दुबईचं फाइव्ह स्टार बुकिंग खरं होतं, पैसे मात्र एजंटाच्या खिशात

उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी दुबई, सिंगापूरचं हॉटेल बुक करणाऱ्या सोलापूरकरांनी हे आधी वाचा. आमचे हॉटेलचे १,८६,४०० रुपये गेले. मध्यरात्री परक्या देशात पदरचे भरावे लागले ते वेगळेच.

आई-अण्णांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून जायचं ठरवलं. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, साध्या लॉजपलीकडे कधी कुठे उतरले नाहीत. खोलीच्या खिडकीतून त्यांना बुर्ज खलिफा दिसली पाहिजे, एवढीच माझी अट. म्हणून देरा, बर दुबई या भागांतली स्वस्त हॉटेलं सोडून डाउनटाउनमधलं फाइव्ह स्टार निवडलं. दोन खोल्या, चार रात्री. एजंट गावातलाच, चांगलं थाटलेलं ऑफिस. विमानाची तिकिटं आणि व्हिसा त्याने चोख करून दिले. आपला विश्वास बसावा म्हणूनच ही कामं चोख होतात, हे आता कळतंय.

५०,००० यूपीआयने दिले. राहिलेले १,३६,४०० एनईएफटीने, तेही त्याच्या बायकोच्या सेव्हिंग खात्यावर. "करंट खात्याचा जरा प्रॉब्लेम चाललाय साहेब," म्हणाला. माझं स्वतःचं दुकान नवी पेठेत आहे, बाजारात घरच्यांच्या खात्यावर पैसे घेणारे रोज भेटतात. खटकणार कसं? पण तुम्ही फर्मच्या नावाचं खातं सोडून कुठेही एक रुपया टाकू नका.

आता ज्या गोष्टीने अजून रात्री डोळा लागत नाही, ती सांगतो. व्हाउचर एजंटाच्या लेटरहेडवर होतं. अगदी खाली बारीक अक्षरात दोन ओळी. एक, 'पे ॲट प्रॉपर्टी', म्हणजे पैसे हॉटेलात गेल्यावर भरायचे. दुसरी, अमुक तारखेपर्यंत 'फ्री कॅन्सलेशन', आणि ती तारीख आम्ही निघायच्या पाच दिवस आधीची. माझ्या मुलीने 'पे ॲट प्रॉपर्टी'वर बोट ठेवून विचारलं, "पप्पा, आपण पैसे भरलेत ना? मग हे काय?" मी तिच्यासमोरच एजंटाला फोन लावला. "ते सिस्टिममधून तसंच छापून येतं साहेब, आमचं पेमेंट झालंय." झालं. विषय तिथेच संपला.

आता येणारा-जाणारा ऐकवतो, "आधी चौकशी करायची की!" केली होती. हॉटेलला थेट दुबईत फोन लावून केली होती. त्यांनी नाव, तारखा, दोन खोल्या, सगळं बरोबर सांगितलं. बुकिंग होतंच. फक्त त्यावर एक दिरहमही भरलेला नव्हता. मी विचारलं, बुकिंग आहे का. पैसे जमा आहेत का, हे कुणाच्या डोक्यात येतं? पोरीने बोट ठेवलेली ती एक ओळ फोनवर वाचून दाखवली असती, तर त्याच मिनिटाला सगळं उघडं पडलं असतं. फ्री कॅन्सलेशनची मुदत संपायच्या आत एजंटाने बुकिंग रद्द केलं. दंड शून्य, आमचे पैसे त्याच्याकडे.

रात्री एक वाजता रिसेप्शनवरच्या मुलाने स्क्रीन आमच्याकडे वळवली. माझं नाव, त्यापुढे 'कॅन्सल्ड'. आईला शुगर आहे. तिने लॉबीतल्या सोफ्यावर बसून पिशवीतली कडक भाकरी आणि शेंगा चटणी काढली. अण्णा सारखे विचारत होते, "काय झालं रे?" म्हाताऱ्या माणसांना घेऊन त्या वेळी कुठे हिंडणार? एका रात्रीच्या दोन खोल्या २,६६० दिरहमला घेतल्या, कार्डावर ६३,२१४ रुपये पडले. (यातला टुरिझम दिरहम, म्हणजे फाइव्ह स्टारला खोलीमागे रात्रीचे २० दिरहम, हा तिथला सरकारी आकार आहे. तो हॉटेलात मागितला तर घाबरू नका.) पुढच्या तीन रात्री बर दुबईत काढल्या, २,०४० दिरहम. एजंटाचा फोन बंद.

परत आल्यावर पोलीस ठाण्यात गेलो. "दुबईत घडलंय, आमची हद्द नाही." अहो, पैसे सोलापुरातल्या खात्यातून सोलापुरातल्याच खात्यात गेले, दुबईचा काय संबंध? आणि हद्द नसली तरी झिरो एफआयआर नोंदवता येतो, हे मी त्यांना सांगायचं? मग म्हणाले, हा व्यवहाराचा वाद आहे, ग्राहक मंचात जा. सायबरवाल्यांनी विचारलं, ओटीपी दिला होता का, लिंक दाबली होती का? नाही? मग हे सायबर नाही. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, पण तिथे लगेच कळवलं तरच पैसे खात्यात अडवता येतात. आमचे कधीच काढून झाले होते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ म्हणजे जुनं ४२०, फसवणुकीचंच कलम. ते कागदावर लिहून नेलं तरी हातात अर्जाची पोच तेवढी मिळाली. वर एकाने अण्णांसमोर विचारलं, "एवढ्या महागाच्या हॉटेलात जायचंच कशाला?" घामाचा पैसा बुडालेल्या माणसाला हे विचारायला यांना पगार मिळतो का? अण्णा त्यानंतर माझ्याबरोबर ठाण्यात आले नाहीत.

क्रेडिट कार्डाने भरा, निदान बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरचे पैसे परत, मागता येतो. जीएसटी नंबर असलेलं पक्कं बिल मागा. परदेशी पॅकेजवर एजंटाने आपल्याकडून टीसीएस, म्हणजे सरकारकडे भरायचा आयकर, घ्यायचा असतो आणि तो आपल्या पॅनवर आयकराच्या वेबसाइटवर दिसतो. आमच्या पॅनवर काहीच नव्हतं. एजंट 'टीसीएस वाचवतो' म्हणाला तर तिथूनच उठा. हॉटेलचा स्वतःचा कन्फर्मेशन नंबर घ्या. पैसे जमा आहेत का, हे हॉटेलकडून मेलवर लेखी घ्या आणि फ्री कॅन्सलेशनची तारीख उलटली की पुन्हा विचारा.

त्याचं ऑफिस अजून उघडं आहे. रिफंड हॉटेलकडे अडकलाय म्हणतो आणि सुट्टीचे ॲडव्हान्स घेतोय. मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यातच दाखल करता येते. गावात कुणाकडेही बुकिंग केलं असेल आणि व्हाउचरवर 'पे ॲट प्रॉपर्टी' दिसत असेल, तर आजच हॉटेलला मेल टाका. असंच कुणाचं रद्द झालं असेल तर व्हाउचर आणि बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा आणि मला गाठा, तक्रार एकत्र करू.