१० पटींचं घडीचं भिंग: डबल डाय पेनी शोधणाऱ्यांसाठी (५ पैकी ४ तारे)

खोक्यावर ‘३० पट’ लिहिलेलं भिंग स्वस्तात दिसलं तरी घेऊ नका. खऱ्या ३० पटींच्या भिंगाची काच वाटाण्याएवढी असते आणि नाणं जेमतेम ८ मिलिमीटरवर धरावं लागतं. २१ मिलिमीटरच्या काचेवर ३० पट छापलंय, म्हणजे शुद्ध थाप. माझं १० पटींचं आहे, तीन काचा एकत्र चिकटवलेलं. नाणं इंचभर लांब राहतं, मधल्या फटीतून तिरका उजेड आत जातो आणि कडेची अक्षरंही रंगीत झालर न येता सरळ दिसतात.

पिंपरीच्या टूलरूममध्ये जन्मभर डाय (धातूवर ठोकून आकार उमटवायचे साचे) बनवल्या. आता न्यू जर्सीला मुलाकडे आलो की बँकेतून पेनीचे, म्हणजे अमेरिकेच्या एक सेंटच्या नाण्यांचे, रोल आणून चाळत बसतो. एका रोलमध्ये ५० नाणी, भांडवल अर्धा डॉलर. सूनबाई हसते, हसू दे.

डबल डाय म्हणजे अक्षरं किंवा चित्र दुहेरी उमटलेलं नाणं. त्यात दोष नाणं ठोकणाऱ्या डायचाच असतो. हबने (डायवर चित्र उमटवणाऱ्या मूळ ठशाने) पहिला ठसा उमटवला, डाय अनीलिंग करून नरम केली आणि दुसरा ठसा किंचित फिरून बसला. मग त्या डायची प्रत्येक पेनी तशीच. १९५५ ची फिलाडेल्फिया टांकसाळीची पेनी नुसत्या डोळ्यांना दुहेरी दिसते, तिला भिंग कशाला हवं? भिंग लागतं ते १९८४ च्या पेनीला, जिथे लिंकनच्या कानाखाली आणखी एक पाळी आहे. या भिंगातून ती स्वच्छ दिसावी.

खरा डबल डाय असेल तर दोन्ही ठसे गोलसर उठावाचे असतात, अक्षराच्या टोकाला खाच असते आणि अक्षर जाड होतं. प्रेसमध्ये डायला प्ले (ढिलेपणा) आला असेल तर ठोका बसल्यावर ती सरकते आणि अक्षराची कड दाबून टाकते. तिथे सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ अक्षर बारीक होतं. असला माल ढिगाने निघतो, किंमत एक सेंट. १९६९-एस पेनीत तर आधी ‘एस’ बघा, ती सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीची खूण. त्या काळी तो डायवर वेगळा, हाताने ठोकत. म्हणून खऱ्या डबल डायवर तारीख दुहेरी, ‘एस’ एकेरी. दोन्हींना पायरी असेल तर पेनी खुशाल खर्चा. १९८२ नंतरच्या जस्ताच्या पेनीवर अक्षरालगत तांब्याचा मुलामा फाटून करडी रेघ दिसते. तिलाही ‘दुर्मिळ’ म्हणून विकणारे महाभाग आहेत.

एक तारा कापला तो भिंगातल्या एलईडीसाठी. समोरून पांढरा झोत आला की खाच आणि पायरी सारखीच चमकतात. मी सेल काढून ठेवलेत. टेबललॅम्प एका बाजूला ठेवून नाणं बोटांत फिरवत बघतो. बिजागरीचा स्क्रूही सैल होतो, बारीक पेचकस जवळ ठेवा.

फोटो काढायचे असतील तर हे घेऊ नका. मोबाईल काचेला टेकवला की सगळं हलतं. त्यासाठी यूएसबी मायक्रोस्कोप बरा, फक्त त्याचा गोल दिवा मंद करता आला पाहिजे.