बाबांना वाचून दाखवलेली एकवीस छोटी पुस्तके: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या सप्टेंबरात बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजव्या हातातली शक्ती गेली आणि बोलणे अडखळू लागले. समज शाबूत राहिली, पण मनातला शब्द ओठांवर येईना आणि पंधरा-वीस मिनिटांपलीकडे लक्ष टिकेना. रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये टपालाची वर्गवारी करण्यात सगळी नोकरी घालवलेल्या आणि निवृत्तीनंतर रोज दुपारी कादंबऱ्या वाचणाऱ्या माणसाला आता जाड पुस्तक एका हाताने पेलवत नव्हते, आणि आदल्या दिवशीचा धागा दुसऱ्या दिवशी सापडत नव्हता. म्हणून ऑक्टोबरपासून मी त्यांच्यासाठी छोटी पुस्तके आणू लागले. शंभर पानांच्या आत, समजायला सोपी भाषा आणि एका बैठकीत संपेल असा मजकूर, एवढ्याच माझ्या अटी होत्या. जूनअखेर अशी एकवीस पुस्तके झाली: आठ कथांची, सात कवितांची आणि सहा अध्यात्माची. काही नागपुरात सीताबर्डीच्या फुटपाथवर मिळाली, काही महालातल्या पूजासाहित्याच्या दुकानात, काही पुस्तक प्रदर्शनात. सहा पुस्तकांचा एक संच टपालाने मागवला आणि एक पुस्तक विनोबांचा आश्रम असलेल्या पवनारहून आणले. किमती ४० ते १५० रुपयांच्या दरम्यान होत्या.

आमच्या घरी पुस्तकाची पारख एका शब्दावर होते. वाचून झाले की बाबा थोडा वेळ गप्प राहतात आणि आवडले असेल तर डावा हात उचलून म्हणतात, "पुन्हा." हा शब्द त्यांना पहिल्या महिन्यापासून स्पष्ट येतो. छोटे पुस्तक तासाभरात संपते, त्यामुळे ते एकदाच वाचायचे असेल तर विकत घेण्यात फारसा अर्थ नाही; चौथ्या-पाचव्या वाचनातही ते काही देते का, हे पाहायला हवे. या कसोटीवर एकवीसपैकी सातच पुस्तके उतरली.

कथांच्या पुस्तकांनी सर्वांत जास्त निराशा केली. तीन-चार पानांच्या कथा आणि शेवटच्या दोन ओळींत अनपेक्षित कलाटणी, असा साचा पाच पुस्तकांत होता. पहिल्या वाचनाला बाबा हसले किंवा चमकले, पण कलाटणी एकदा कळली की कथेत ऐकण्यासारखे काही उरत नाही. दोन पुस्तकांत प्रत्येक कथेखाली ठळक अक्षरांत तात्पर्य छापलेले होते. आयुष्याची अठ्ठ्याहत्तर वर्षे पाहिलेल्या माणसाला 'खोटे बोलू नये' हे सांगण्याची गरज नसते, आणि ते वाचताना माझाच आवाज मला परका वाटू लागला. सुबोध लिहिणे म्हणजे वाचकाला लहान समजणे नव्हे, हे या प्रकाशकांना कुणीतरी आपुलकीने सांगायला हवे.

कथांमध्ये मनापासून टिकले ते सर्वांत जुने पुस्तक. महानुभाव पंथातल्या केशिराजबासांनी तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचे दृष्टांत एकत्र केले, तो 'दृष्टांतपाठ'. त्यात ११४ दृष्टांत आहेत आणि बरेचसे अवघ्या काही ओळींचे आहेत. आधी सूत्र, मग दृष्टांताची छोटी गोष्ट आणि शेवटी त्या गोष्टीचा सूत्राशी संबंध सांगणारे दार्ष्टांतिक, अशी त्याची मांडणी आहे. आंधळे हत्तीला चाचपून पाहतात आणि ज्याच्या हाताला जे लागले त्यावरून जो तो हत्तीचे वर्णन करतो, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्टही त्यात आहे. मी आणलेल्या प्रतीत जुन्या मराठीसमोर आजचा अर्थ दिलेला आहे. पहिले दोन आठवडे मी फक्त अर्थ वाचत होते. मग एकदा चुकून मूळ ओळ आधी वाचली गेली आणि बाबांनी लगेच मान हलवली. जुनी मराठी आपल्याला कळणार नाही अशी माझीच समजूत होती. तिची वाक्ये आखूड आहेत, क्रियापदे रोजची आहेत, आणि मोठ्याने वाचली की अर्थ आपोआप उलगडत जातो. हे गद्य आपल्या विदर्भाला फार जवळचे आहे. याच पंथाचे रिद्धपूर तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यातच आहे. हे पुस्तक इतक्या उशिरा घरात आले याची मला खंत वाटते.

कवितेने सोबत अधिक चांगली केली, कारण कविता मुळातच पुन्हा वाचण्यासाठी असते. चारोळ्यांची दोन पुस्तके आणली होती. त्यांतल्या एकेक चारोळ्या सुंदर आहेत, पण सलग दहा वाचल्या की सगळ्यांचा सूर एकच वाटू लागतो, म्हणून त्या रोज दोनच्या वर वाचू नयेत. दहा ओळींची कविता आमच्या बैठकीला नेमकी बसली. कवी अनिलांनी हा दशपदीचा प्रकार मराठीत रुजवला आणि त्याच नावाच्या त्यांच्या संग्रहाला १९७७ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. दहा ओळींत एक भाव उमलायला पुरेशी जागा मिळते आणि शेवटच्या ओळीपर्यंत पहिली ओळ कानात राहते, हे मला बाबांच्या चेहऱ्यावर रोज दिसत होते. पाचव्या-सहाव्या ओळीपर्यंत त्यांचे डोळे मिटलेले असत आणि शेवटच्या दोन ओळींना ते उघडत.

गझलेचे एक पुस्तक मात्र केवळ छपाईमुळे वाया गेले, आणि त्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवे. गझलेत प्रत्येक शेर अर्थाने स्वतंत्र असतो, त्यामुळे लक्ष कमी टिकणाऱ्या माणसासाठी हा प्रकार फार सोयीचा आहे: दोन ओळी ऐकाव्यात आणि थांबावे. परंतु हे पुस्तक खिशात मावेल एवढ्या आकारात छापले होते. पान अरुंद असल्यामुळे प्रत्येक ओळ मध्येच तुटून खाली गेली होती, कधी तर एकच शब्द. काफिया (यमक जुळवणारा शब्द) आणि रदीफ (त्यानंतर तसाच पुन्हा येणारा शब्द) ओळीच्या शेवटी डोळ्यांना दिसायला हवेत. ते कुठे मध्ये, कुठे काठावर असे विखुरले होते. वाचताना कुठे थांबायचे हेच मला कळेना, आणि मी चुकीच्या जागी थांबले की बाबांच्या कपाळावर आठी उमटे. अशा पुस्तकाचा आकार ठरवताना त्यातली सर्वांत लांब ओळ आधी मोजली गेली पाहिजे.

अध्यात्माच्या सहा पुस्तकांपैकी चार पुन्हा पुन्हा वाचली जातात. मनाच्या श्लोकांपासून सुरुवात केली, कारण ते बाबांना लहानपणापासून पाठ होते. २०५ श्लोक, सगळे भुजंगप्रयात वृत्तात, प्रत्येक चरणात बारा अक्षरे. तिसऱ्या दिवशी मी चरणाच्या शेवटी श्वास घ्यायला थांबले आणि उरलेले दोन शब्द बाबांनी पूर्ण केले. पाणी मागताना 'पाणी' हा शब्द ज्यांना येत नव्हता, त्यांनी चरण पूर्ण केला. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या की लयीत पाठ झालेले बोल अशा रुग्णांत अनेकदा टिकून राहतात. त्यांचा उपयोग जरूर करून घ्या, पण व्यायाम सोडू नका. तेव्हापासून मी मुद्दाम शेवटचे शब्द त्यांच्यासाठी सोडते. त्यांचा डावा हात पलंगाच्या कठड्यावर ठेका धरतो आणि आता एका बैठकीत आठ-दहा श्लोक होतात.

पवनारहून आणलेली 'गीताई' यांपैकी सर्वांत काळजीपूर्वक केलेली वाटली. आईला समजेल अशी गीता मराठीत असावी, या इच्छेतून विनोबांनी ती लिहिली आणि अनुवाद समश्लोकी, म्हणजे मूळ श्लोकाला एक मराठी श्लोक असा, असल्याने मूळची चाल तशीच राहते. बारावा आणि पंधरावा अध्याय प्रत्येकी वीस श्लोकांचा आहे, म्हणून एका बैठकीत नीट होतो. दुसऱ्या अध्यायाला आम्हाला चार दिवस लागले. सुरुवात करणाऱ्यांनी बाराव्यापासून करावी असे मी सुचवेन.

'चांगदेव पासष्टी'ने बाबांना जो आनंद दिला तो मात्र मला अपेक्षित नव्हता. ज्ञानेश्वर वयाने लहान आणि ज्ञानाने मोठे, तेव्हा मायना काय लिहावा हे न सुचल्याने चांगदेवांनी कोरेच पत्र पाठवले आणि त्याला उत्तर म्हणून या पासष्ट ओव्या आल्या, अशी परंपरेतली कथा आहे. ती वाचून झाल्यावर, ज्यांनी जन्मभर लोकांची पत्रे योग्य खणात टाकली, ते बाबा बराच वेळ हसत राहिले आणि मग डाव्या हाताने हवेत पत्ता लिहिल्यासारखे करून म्हणाले, "कोरं." त्या दिवशीचा तो दुसरा स्पष्ट शब्द होता. ओव्यांचा अर्थ सोपा नाही. आम्ही दिवसाला तीनच वाचतो. या प्रतीतला अर्थ ओवीमागे दोन-तीन ओळींचाच आहे, ही तिची सर्वांत चांगली बाजू आहे. सहांपैकी नावडलेल्या दोन पुस्तकांत एका अभंगामागे चार पाने निरूपण होते आणि अभंग त्यात कुठे आहे ते शोधावे लागत होते.

आता छपाई आणि बांधणीविषयी. देवनागरीत वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींत पुरेसे अंतर नसेल तर अक्षरे एकमेकांत शिरतात. बाबांना स्वतः वाचता आलेली पुस्तके चारच होती आणि त्या चारही पुस्तकांत टाइप १६ पॉइंटचा आहे. पातळ कागदावर मागच्या पानाची शाई दिसते, म्हणून विकत घेण्यापूर्वी पान उजेडासमोर धरून पाहावे. नुसत्या डिंकाने चिकटवलेली पुस्तके नागपूरच्या उन्हाळ्यात टिकत नाहीत: मे महिन्यात एक पुस्तक दुपारभर स्कूटरच्या डिकीत राहिले आणि संध्याकाळी त्याची पाने हातात सुटी आली. मधोमध पिना मारलेली पुस्तके सपाट उघडतात आणि एका हाताने धरता येतात; आमच्यासाठी तीच सर्वांत सोयीची ठरली. टपालाने आलेल्या संचातल्या दोन पुस्तकांत एक फर्मा दोनदा होता, म्हणजे १७ ते ३२ ही पाने दोन वेळा आणि ३३ ते ४८ गायब. प्रकाशकाने पुस्तके बदलून दिली, पण त्याला पाच आठवडे आणि चार फोन लागले. पुस्तक हाती येताच पानांचे आकडे तपासून घ्यावेत.

मनाच्या श्लोकांची आमची प्रत आता खिळखिळी झाली आहे. मोठ्या टाइपची दुसरी प्रत घेतली, तरी बाबांना पहिलीच हवी असते, म्हणून ती गेल्या आठवड्यात महालातल्या एका बाइंडरकडे दोऱ्याने शिवायला दिली आहे, शनिवारी मिळेल.