विकासक्रमावर आधारित पुनर्वसन व्यायामांचे प्रशिक्षण: एक अभिप्राय

बाळ पहिल्या वर्षात मान सावरण्यापासून उभे राहण्यापर्यंत ज्या स्थितींमधून जाते, त्याच स्थिती मोठ्या माणसांच्या उपचारासाठी वापरणारी डायनॅमिक न्यूरोमस्क्युलर स्टॅबिलायझेशन ही पद्धत प्राग येथील फिजिओथेरपिस्ट पावेल कोलार यांनी व्हॉयटा, यांदा आणि लेविट या आधीच्या पिढीतील डॉक्टरांच्या कामाच्या आधारे विकसित केली. तिच्या प्राथमिक प्रशिक्षणात मला सर्वांत मोलाचा वाटला तो श्वसनाचा भाग. श्वासपटल, पोटाचे स्नायू आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू मिळून उदरपोकळीत दाब निर्माण करतात व कण्याला आधार देतात, हे वाचून ठाऊक होते. परंतु तीन महिन्यांच्या बाळाप्रमाणे उताणे झोपून, खुबे आणि गुडघे काटकोनात ठेवून, बरगड्यांखाली कुशीत बोटे लावली आणि तो दाब बाजूंना व मागे पोहोचतच नाही हे स्वतःच्या शरीरात जाणवले, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ खऱ्या अर्थाने उमगला. दाब असा सगळीकडे पसरायला हवा हे कळल्यामुळे, त्या दिवसापासून रुग्णाला ‘पोट आत ओढा’ असे सांगणे मी थांबवले आहे.

रांगण्याच्या व कुशीवर वळण्याच्या स्थितीही नीट शिकवल्या गेल्या. मात्र वर्गात सहभागींची संख्या फार होती. हे कौशल्य हातांचे आहे. प्रशिक्षकाने आपल्या हातांवर हात ठेवून दाबाची दिशा सुधारल्याशिवाय ते येत नाही, आणि ती संधी दिवसातून जेमतेम एकदाच मिळाली. नाव नोंदवण्यापूर्वी एका प्रशिक्षकामागे किती जण असतील, हे अवश्य विचारावे.