गिटारची घूं घूं घालवायची तर कोणते पिकअप? स्टॅक, रेल की बॅटरीवाले

लग्नसराई सुरू झाली की जळगाव-धुळ्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांची एकच तक्रार असते: "भो, हाई गिटार घूं घूं करस." गिटार स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट) घाटाची, तिच्यात तीन सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारांचा आवाज विजेत उतरवणारे एकेका गुंडाळीचे भाग. मांडवामागे जनरेटर, स्टेजच्या कडेला एलईडी पार दिव्यांची रांग आणि उजेड कमी-जास्त करणारा डिमर. गाणारा दोन ओळींच्या मध्ये थांबला की ती गुणगुण मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचते. मग नॉइजलेस, म्हणजे घूं न करणारे, पिकअप टाकायचे ठरते, आणि नावांच्या गर्दीत माणूस गोंधळतो. माझे मत आधीच सांगतो. साफ आवाजात फिल्मी आणि अहिराणी गाणी वाजवायची असतील तर स्टॅक (एकीवर एक दोन कॉइलचे) घ्या. डिस्टॉर्शनवर, म्हणजे फाटक्या-जाड आवाजात, वाजवत असाल तर ब्रिजला (तारा अंगावर टेकतात त्या टोकाला) रेल, म्हणजे शेजारी शेजारी दोन अरुंद कॉइलचे. आणि कमाईच जनरेटरच्या मांडवातली असेल, तर बॅटरीवर चालणाऱ्या पिकअपचा विचार सगळ्यांत आधी करा.

पण पैसे घालण्यापूर्वी आवाज कुठला, ते ओळखा. गिटार गळ्यात अडकवून, व्हॉल्यूम पूर्ण ठेवून जागच्या जागी हळूहळू गोल फिरा. घूं कमी-जास्त होत असेल आणि एखाद्या दिशेला जवळजवळ विरत असेल, तर ती पिकअपच्या कॉइलमध्ये शिरते आहे. तिथे नवे पिकअप नक्की कामाचे. आवाज घूंपेक्षा झींकडे झुकणारा असेल आणि तारांना हात लावताच दबत असेल, तर दोष बहुतेक शिल्डिंगचा (बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या धातूच्या आवरणाचा) किंवा अर्थिंगच्या जोडणीचा असतो. महागडा संच बसवूनही ती झीं तशीच राहू शकते. तिच्यासाठी आतल्या खोबणीत तांब्याची चिकटपट्टी लावा. पट्टीचा गोंदही वीजवाहक असलेला बघून घ्या, तुकडे एकमेकांवर चढवा, मल्टिमीटरने सगळीकडे सलग जोड येतो का ते तपासा आणि एका वायरने पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणाखालच्या डबीच्या) पाठीला जोडा. स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियमची फॉइल या कामी नको, तिच्यावर साधे सोल्डर बसत नाही. नुसता स्सस् असा फुसकारा असेल तर तो पेडल किंवा अँपच्या गेनचा, त्यात पिकअपचा दोष नाही.

घूं का होते, हे एकदा समजले की निवड सोपी होते. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. गिटारच्या तारेच्या कंपनाने बदलणारे चुंबकीय क्षेत्र जसे त्यात वीज निर्माण करते, तसेच जवळच्या ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्रही करते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून घूं ५० हर्ट्झ आणि तिच्या १००, १५० अशा पटींत ऐकू येते. भुसावळला यार्डालगत सराव करणाऱ्यांच्या डोक्यावर तर रेल्वेची २५ किलोव्होल्टची तार आहे, आणि तीही ५० हर्ट्झचीच. उपाय जुना आहे. दोन कॉइल उलट दिशेने जोडायच्या आणि चुंबकांची दिशाही उलटवायची. बाहेरची घूं एकमेकींत वजा होते, तारांचा आवाज मात्र बेरीज होऊन येतो. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी हंबकर हा दोन कॉइलचा पिकअप याच तत्त्वावर घडवला आणि १९५५ साली पेटंटसाठी अर्ज केला. आजचे बहुतेक नॉइजलेस पिकअप म्हणजे हीच युक्ती सिंगल कॉइलच्या अरुंद जागेत कोंबण्याचे वेगवेगळे मार्ग आहेत.

हल्लीच्या पुष्कळ स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप मुळातच उलट वेढ्यांचा आणि उलट चुंबकांचा असतो. त्यामुळे पाच जागांचा पिकअप स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी नेला, म्हणजे मधला आणि त्याच्या शेजारचा एक पिकअप एकत्र वाजू लागला, की गिटार शांत होते. तुमची होते का, ते बघा. होत असेल, तर एकच नॉइजलेस पिकअप घेण्याआधी नीट विचार करा. ब्रिजला एकटा नॉइजलेस बसवलात की ब्रिजची जागा शांत होईल, पण आजवर शांत असलेली दुसरी जागा घूं करू लागेल, कारण मधल्या पिकअपला वजाबाकीसाठी जोडीदारच उरत नाही. बजेट तुटपुंजे असेल तर ज्या जागी तुम्ही सर्वांत जास्त वाजवता, तिचाच हिशेब करा. साफ वाजवणाऱ्याने तिन्ही एकदम घेणेच बरे.

आता स्टॅक. यात दोन कॉइल एकीवर एक बसवलेल्या असतात, वरून पिकअप साध्या सिंगल कॉइलसारखाच दिसतो. जुन्या स्टॅकबद्दल तक्रार अशी की खालच्या कॉइलमुळे वरचा खणखणीतपणा बोथट व्हायचा, आणि ती खरीच होती. नव्या रचनांत हे बरेच सुधारले आहे. फेंडरचे व्हिंटेज नॉइजलेस आणि नंतरचे जेन ४ हे दोन्ही अल्निको ५ चुंबकांचे, डिमार्झिओची एरिया मालिका अल्निको २ ची, सिमोर डंकनचे क्लासिक स्टॅक प्लस पुन्हा अल्निको ५ चे. मला यांत एरिया ५८, ६१ आणि ६७ अधिक आवडतात. अल्निको २ तारेला कमी ओढतो, त्यामुळे नेकच्या (मानेकडच्या) पिकअपजवळच्या वरच्या पट्ट्यांवर (फ्रेटवर) लांब स्वर डगमगत नाही आणि पिकअप तारेच्या थोडा जवळ आणता येतो. लता-रफींच्या गाण्यांतली मधली सुरावट गिटारवर वाजवणाऱ्याला हा गोलवा मानवतो. फेंडरचे जेन ४ जास्त लख्ख आहेत. मोठ्या ऑर्केस्ट्रात, ढोलक, ऑक्टोपॅड आणि दोन कीबोर्डांमधून गिटार वर काढायची असेल तर तेच बरे. मूळचे ऑस्ट्रेलियातले किनमन पिकअप कानाला यांच्याही पुढे आहेत, पण मागवण्याचा खर्च आणि वाट पाहणे ज्याच्या त्याच्या ऐपतीवर. साध्या सिंगल कॉइलची दुसऱ्या-चौथ्या जागेवरची ती नाकातली गोड क्वॅक कुठल्याही स्टॅकमध्ये जराशी कमी होते, एवढे मात्र मनाशी धरून चला.

स्टॅक घेताना फसगत होते ती खोलीवर. हे पिकअप साध्या सिंगल कॉइलपेक्षा पोटाने लांब असतात. आपल्याकडे खपणाऱ्या स्वस्त गिटारींपैकी काहींचे लाकूड पातळ, म्हणून पिकअपची खोबणही उथळ. पिकगार्डचे स्क्रू काढा, मोजपट्टी सरळ खोबणीत उभी करा, तळापासून लाकडाच्या वरच्या कडेपर्यंतचे माप घ्या आणि कंपनीने दिलेल्या उंचीशी ताडून बघा. दोन-तीन मिलिमीटर कमी पडले तर पिकअप तळाला टेकतो आणि तारेखाली हवा तेवढा उतरत नाही. खोबण सुताराकडून कोरून घेता येते, पण पातळ लाकडाला भगदाड पडण्याचा धोका असतो. त्याच वेळी पिकअपवरच्या, प्रत्येक तारेखाली एक अशा सहा खांबांमधले अंतरही मोजा. स्वस्त गिटारीत ते निराळे असू शकते, आणि मग जुनी कव्हरे नव्या पिकअपवर बसत नाहीत.

उथळ खोबणीवर रेल हा चांगला तोड आहे. त्यात दोन अरुंद कॉइल शेजारी शेजारी आणि खांबांऐवजी पोलादी पाती, त्यामुळे खांबांच्या अंतराचा प्रश्नच मिटतो. डंकनचा हॉट रेल्स, डिमार्झिओचे फास्ट ट्रॅक आणि चॉपर ही माहितीतली नावे. हॉट रेल्सच्या ब्रिज पिकअपचा रोध १६-१७ किलोओहमच्या घरात, तर जुन्या घाटाच्या सिंगल कॉइलचा सहाच्या आसपास. आवाज हंबकरचाच: जाड, दाबलेला, गेनवर दमदार. यातून स्ट्रॅटचा काचेसारखा स्वर मिळेल अशी आशा धरू नका. डंकनचाच लिटल '५९ या कुळातला सौम्य भाऊ आहे. डिस्टॉर्शन आणि साफ आवाज दोन्ही लागत असतील तर ब्रिजला तो बघावा. बाजारात रेलची स्वस्त चिनी नक्कलही भरपूर मिळते. घूं तीही घालवते, पण सगळे स्वर एकाच जाडीचे ऐकू येतात. शिकाऊ मुलाच्या गिटारीला ती चालेल, कार्यक्रम करणाऱ्याला मी सुचवणार नाही.

लेस सेन्सर हे पिकअप वेगळ्याच जातीचे. १९८७ च्या फेंडर स्ट्रॅट प्लसमध्ये ते होते. घूं कमी होते, आवाज मोकळा आणि गुळगुळीत. जुन्या बाजारात चांगले मिळाले तर घ्या.

बॅटरीवाल्यांबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण इथे प्रश्न जिवाचाही आहे. साध्या गिटारीत तारा अर्थला जोडलेल्या असतात. मंडपातल्या तात्पुरत्या वायरिंगला अर्थिंग नसेल आणि कुठे गळती असेल, तर तारांवर हात आणि ओठ माइकला टेकताच झटका बसू शकतो. ईएमजी कंपनी आपल्या पिकअपसाठी तारांची अर्थ वायर काढायला सांगते. आतला शिल्ड पुरेसा असल्यामुळे ती नसली तरी आवाज शांत राहतो, आणि तारांवाटे झटका लागण्याचा रस्ता बंद होतो. साध्या पिकअपच्या गिटारीत मात्र ही वायर कधीही तोडू नका, झीं वाढेल. आणि कुठलेही पिकअप असले तरी जनरेटरवाल्याला अर्थिंगची सळई ओल्या जमिनीत ठोकायला लावाच. मे महिन्यात ४४-४५ अंशांत इथली माती भेगाळते, तेव्हा सळईभोवती पाणी ओतायला सांगा.

ईएमजी एसए नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, संच बिनसोल्डरचा येतो, आणि लांब केबलमधूनही आवाजाची धार टिकते. पॉट त्याचे त्याचेच २५ के चे, जुने २५० के वापरू नका. फिशमन फ्लुएन्समध्ये दोन वेगवेगळे आवाज एकाच पिकअपमधून निघतात, आणि वेगळा मिळणारा रिचार्ज होणारा बॅटरी पॅक लावता येतो. दोन्हींत पिन जॅकमध्ये राहिली की बॅटरी उतरत राहते, म्हणून कार्यक्रम संपताच केबल काढण्याची सवय लागलीच पाहिजे. स्वभावाने हे पिकअप जरा अति स्वच्छ, बोटांच्या दाबातला बारीक फरक थोडा सपाट होतो. घरी किंवा स्टुडिओत वाजवणाऱ्याला हे खटकेल. हळदीच्या कार्यक्रमात रात्री अकराला मंडपात उभ्या असलेल्या माणसाला ती स्वच्छताच हवी असते.

नॉइज गेट पेडलने भागेल का, असेही विचारतात. गेट दोन स्वरांमधली शांतता राखतो, स्वर वाजत असताना त्याखालची घूं तशीच जाते. संथ गाण्यात तो लांबत जाणाऱ्या स्वराचे शेपूटही कापतो.

बसवताना वायरींचे रंग सर्वांत जास्त घोळ घालतात. डिमार्झिओत लाल वायर सिग्नलची, हिरवी अर्थची, काळी आणि पांढरी एकत्र सोल्डरचा डाग देऊन टेप लावून ठेवायच्या. डंकनमध्ये काळी सिग्नलची, हिरवी अर्थची, लाल-पांढरी एकत्र. एका कंपनीचा नकाशा दुसऱ्याला लावलात तर आवाज पातळ येतो किंवा येतच नाही. दोन कंपन्यांचे पिकअप मिसळले तर फेज, म्हणजे सगळ्यांचा सिग्नल एकाच दिशेचा आहे का, ते तपासा: काट्याच्या मल्टिमीटरला पिकअप जोडून खांबांवर स्क्रूड्रायव्हर ठेवा आणि झटकन उचला. सगळ्यांचा काटा एकाच दिशेला हलला पाहिजे. एखाद्याचा उलटा हलला तर त्याच्या दोन वायरींची अदलाबदल करा, पण कव्हर किंवा शिल्डची वायर अर्थलाच राहील हे बघून.

पूर्ण संचाची किंमत पुष्कळदा गिटारीपेक्षा जास्त होते. म्हणून मान सरळ नसलेल्या, पट्ट्या झिजलेल्या गिटारीवर हा खर्च करू नका, आधी ती दुरुस्त करा. मुंबई-पुण्याहून मागवताना नेक, मधला आणि ब्रिज असे वेगवेगळे नाव टाकून घ्या, कारण ब्रिजच्या पिकअपला सहसा वेढे जास्त असतात. आणि जुने पिकअप काढताना वायर कापू नका. डाग सोडवून, वायरींसकट डबीत ठेवा, म्हणजे गिटार विकायची वेळ आली तर जुने परत बसवता येतील आणि नवा संच तुमच्याकडेच राहील.